दाखल क्रमांक २१७

मापसाहेबांनी आयुष्यात एकही कादंबरी वाचली नव्हती, आणि हे ते अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी व्यसन केल्यासारखं वाटावं. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापे निरीक्षक म्हणून काढली. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासले, वजनांवर शिक्के मारले. किलोचं वजन पाच ग्रॅमनं कमी असलं तर ते काट्याच्या आधी त्यांच्या मनगटाला कळत असे. निवृत्त झाल्यावर तपासायला काटे उरले नाहीत, तेव्हा ते घर तपासू लागले. आज दुधाची पिशवी, उद्या साबणाची वडी, परवा बाईसाहेबांचं फोनवरचं बोलणं किती मिनिटांचं झालं ते. बाईसाहेब म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या एका दातांच्या डॉक्टरांकडे स्वागतकक्षात बसत आणि लोकांना दुखऱ्या दाढेसकट सहा दिवसांनंतरची तारीख देत. त्यामुळे त्यांचं मन भलतंच खंबीर झालं होतं.

म्हणून वाचनालयाच्या अध्यक्षांनी मापसाहेबांना एक काम सांगितलं तेव्हा सर्वांत मोठा सुस्कारा बाईसाहेबांनी सोडला.

काम साधं होतं. वाचनालयात जागा उरली नव्हती. नियमाप्रमाणे जे पुस्तक दहा वर्षांत एकदाही कोणी नेलं नाही, ते निर्लेखित करून रद्दीत काढायचं. कपाट क्रमांक नऊमध्ये अशी तीनशे चाळीस पुस्तकं होती. मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर शेवटच्या देवघेवीची तारीख पाहायची, यादीत नाव लिहायचं, ‘बाद’ असा शिक्का मारायचा आणि शेवटी ‘या पुस्तकांना वाचक नाही’ अशा दाखल्यावर सही करायची. शनिवारी पाच वाजता रद्दीवाल्याचा टेम्पो येणार होता.

‘‘हे काम पुस्तकं न वाचणाऱ्यानंच करावं,’’ अध्यक्ष म्हणाले. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि माणसाला माणूस न म्हणता ते त्याच्या अंगाचं माप घेत असल्यासारखे बघत. ‘‘वाचणाऱ्याला मोह होतो.’’

‘‘मला होणार नाही,’’ मापसाहेब म्हणाले. ही सोमवारची गोष्ट.

मंगळवारपर्यंत दोनशे पुस्तकं झाली. शिक्का असा पडत होता की ग्रंथपालबाई दर वेळी डोळे मिटून घेत. बुधवारी दुपारी दाखल क्रमांक २१७ हातात आलं आणि काम अडलं. पुस्तकाला नाव नव्हतं. पुठ्ठा पुन्हा बांधलेला, कोरा. नावाचं पान फाटलेलं. लेखकाचा पत्ता नाही. चिठ्ठीवरची शेवटची तारीख बावीस वर्षांपूर्वीची. बावीस वर्षं कोणी हात लावलेला नाही! पण यादीत ‘पुस्तकाचे नाव’ असा रकाना होता, आणि मापसाहेबांनी आयुष्यात रकाना कोरा सोडला नव्हता.

नाव आत कुठेतरी सापडेल म्हणून त्यांनी पुस्तक झटकलं. त्यातून एक केसांचा आकडा पडला. मग एक कागदी मोजपट्टी, विम्याच्या हप्त्याची एक पावती, वाळलेलं एक पान आणि कसल्याशा गोळ्यांचं रिकामं पाकीट. लोक पुस्तकाची कचराकुंडी करतात, असं म्हणून त्यांनी हे सगळं एका लिफाफ्यात भरलं आणि लिफाफ्यावर लिहिलं : ‘क्र. २१७, सापडलेल्या वस्तू, नग पाच’. मग वाचनालय बंद व्हायची वेळ झाली म्हणून पुस्तक आणि लिफाफा घेऊन ते घरी आले. केवळ रकान्यासाठी.

घरी बाईसाहेबांची चिठ्ठी होती : ‘कुकर भरून ठेवलाय. गॅस पेटवा आणि तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा.’ मापसाहेब गॅस पेटवून स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले आणि नाव शोधण्यासाठी त्यांनी पहिलं पान उघडलं.

‘काठावर सात जण मोजून नावेत घेतले, आणि नदीच्या मध्यावर मोजले तेव्हा आठ होते.’

चुकलं, मापसाहेब मनात म्हणाले. नावाड्यानं स्वतःला धरलं असणार. पण पुढच्याच ओळीत नावाडी म्हणत होता की स्वतःला धरायला मी काही खुळा नाही. तीस वर्षं माणसं मोजतोय. मापसाहेबांना तो माणूस एकदम ओळखीचा वाटला. मग नावाडी सातही जणांची एकेक करून ओळख पटवू लागला, आणि प्रत्येक जण ओळखीचा निघाला. आठवाही. प्रत्येकाला वाटत होतं, आठवा दुसराच कोणीतरी आहे. नदीला पाणी चढत होतं. पहिली शिट्टी झाली.

एवढी मोजणी जुळली की ठेवून देऊ, असं त्यांनी ठरवलं. जन्मभर मोजणी केलेल्या माणसाला चुकीची बेरीज समोर ठेवून उठवत नाही, हे आपण समजून घेतलं पाहिजे. पण मोजणी जुळेना. नावाडी नाव वळवायला जाई आणि कोणीतरी असं काही बोले की पान उलटावंच लागे. मापसाहेबांच्या हाताला घाम सुटला. चौतीस वर्षांत एकाही दुकानदारापुढे न सुटलेला घाम, कागदावरच्या आठ माणसांपुढे सुटला.

दाराशी किल्ली वाजली आणि पाठोपाठ बाईसाहेबांची किंकाळी. स्वयंपाकघरात धूर होता. कुकरमधल्या बटाट्यांचा कोळसा झाला होता आणि मापसाहेब त्या धुरात एक फूट अंतरावर अठ्ठ्याण्णवाव्या पानावर बसले होते.

‘‘अहो! किती शिट्ट्या झाल्या?’’

मापसाहेबांनी मान वर केली. ‘‘एक,’’ ते म्हणाले. आणि मग त्यांना स्वतःचीच भीती वाटली, कारण ते खोटं नव्हतं. त्यांना एकच ऐकू आली होती.

‘‘तीन शिट्ट्या मोजता आल्या नाहीत तुम्हाला? तुम्हाला?’’ बाईसाहेबांनी पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं. ‘‘घासा आता कुकर. आणि हे आहे तरी काय?’’

मापसाहेबांनी कुकर घासायला पाऊण तास लावला, कारण ते काम त्यांनी काटेकोरपणे केलं. बाहेर येऊन पाहतात तर बाईसाहेब पर्स खांद्याला तशीच ठेवून, एका पायात चप्पल, सोफ्याच्या कडेवर बसलेल्या. पान एकशे बारा.

‘‘दे इकडे.’’

‘‘थांबा.’’

‘‘अगं, मी आधी वाचत होतो.’’

‘‘तुम्ही कुकर बघत होतात,’’ बाईसाहेब म्हणाल्या.

त्या रात्री जेवण ब्रेडवर भागलं. गुरुवारी सकाळी मापसाहेब उठले तेव्हा बाईसाहेब कामावर गेल्या होत्या. पुस्तकही कामावर गेलं होतं.

शेजारचे विमा एजंट जिन्यात भेटले. एजंटसाहेबांना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर सल्ला देता येत असे. ‘‘सरकारी वस्तू तुमच्या ताब्यातून गेली म्हणजे जबाबदारी तुमची,’’ ते गंभीरपणे म्हणाले. ‘‘आधी लेखी द्या. पुस्तक गहाळ. तारीख, वेळ, हवामान, सगळं टाका.’’

‘‘गहाळ नाही हो. बायकोकडे आहे.’’

‘‘ते लिहू नका,’’ एजंटसाहेब म्हणाले. ‘‘त्यानं केस कमजोर होते.’’

मापसाहेब तडक दवाखान्यात गेले. बाहेर सहा रुग्ण गाल धरून बसले होते. बाईसाहेबांच्या टेबलावर पुस्तक नव्हतं.

‘‘माझं संपलं,’’ त्या हळूच म्हणाल्या. त्यांचा चेहरा कुठल्यातरी लांबच्या गावाहून नुकतं आल्यासारखा होता. ‘‘डॉक्टरांनी नुसतं बघायला म्हणून घेतलं. दीड तास झाला.’’

आतलं दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टर एका हातात आरसा आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून उभे होते. खुर्चीतल्या रुग्णाचा जबडा वासलेला, तोंडात कापूस, डोळे वर पुस्तकाच्या पानावर. डॉक्टरांना पान उलटायला उशीर झाला की तो रुग्ण त्यांची बाही ओढून ‘‘आँ! आँ!’’ करत होता.

‘‘डॉक्टर, ते पुस्तक तपासणीचं आहे,’’ मापसाहेब म्हणाले.

‘‘तीन पानं,’’ डॉक्टर मान वर न करता म्हणाले. खुर्चीतून रुग्णानेही तीन बोटं दाखवली.

मापसाहेब बाहेर येऊन रुग्णांच्या रांगेत बसले. एक जण विचारत होता, ‘‘तुमची कुठली दाढ?’’ थोड्या वेळानं दार उघडून आतला रुग्ण बाहेर पडला. तोंडावर मोठा रुमाल धरलेला. मापसाहेबांनी त्याला मान लववून वाट दिली. मग डॉक्टर धावत आले. मी हात धुवायला वळलो, ते म्हणाले, एवढ्यात नेलं! माझी सव्वीस पानं राहिली होती!

रुमाल उगाच एवढा मोठा नव्हता.

‘‘कोण होता तो?’’ मापसाहेबांनी विचारलं.

बाईसाहेबांनी वहीत पाहिलं आणि त्यांचं तोंड पडलं. ‘‘रद्दीवाले. तेच. शनिवारी तुमच्याकडे टेम्पो घेऊन येणारे.’’

पुस्तक चोरीला गेलं असतं तर शोधता आलं असतं. हे तर ज्याच्या हाती जायचं त्याच्याच हाती दोन दिवस आधी गेलं होतं. शनिवारी दाखल्यावर सही झाली की क्रमांक २१७ कायद्यानं रद्दी. त्याचा लगदा होणार. आणि मापसाहेबांना उरलेलं आयुष्य अठ्ठ्याण्णवाव्या पानावर, चढत्या पाण्यात, मोजणी न जुळता काढावं लागणार होतं.

‘‘आठवा कोण ते सांगू का?’’ बाईसाहेबांनी विचारलं.

‘‘खबरदार!’’ मापसाहेब ओरडले. दोन रुग्णांनी गाल सोडले.

शुक्रवारी गोदामातून ‘वाचून झालं की शनिवारी येताना आणतो’ एवढाच निरोप आला, तेव्हा ते नाक मुठीत धरून ग्रंथपालबाईंकडे गेले. या बाई अठ्ठावीस वर्षं त्याच टेबलाशी बसत होत्या आणि गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलत नसत.

‘‘दोनशे सतरा वाचवायचं असेल तर काय करावं लागेल?’’ मापसाहेबांनी विचारलं. ‘‘मला नाही, सहज विचारतोय.’’

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. ‘‘शनिवारी पाचच्या आत एखाद्या सभासदाच्या कार्डावर देवघेव व्हायला हवी. एकदा तारीख पडली की दहा वर्षं कोणी हात लावू शकत नाही.’’

‘‘बाईसाहेब सभासद आहेत.’’

‘‘त्यांच्या कार्डावर एक पुस्तक आहे. एका वेळी एकच.’’

बाईसाहेबांनी ते पुस्तक परत करायला साफ नकार दिला. ‘‘माझं वाचायचं राहिलंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्हाला वाचायचंय ना? मग तुम्ही व्हा सभासद.’’

सभासदत्वाचा अर्ज चार पानी होता. हा अर्ज अध्यक्षांनी स्वतः तयार केला होता, आणि मापसाहेबांनी एकेकाळी त्यांच्या दुकानातली मीटरपट्टी तपासताना त्यांच्याकडून जे चार पानी कागद भरून घेतले होते, त्यांचा सूड त्यात उमटला होता. दोन छायाचित्रं. राहत्या पत्त्याचा पुरावा. ‘अर्जदाराला वाचक म्हणून ओळखणाऱ्या’ दोन सभासदांच्या सह्या. आणि शेवटी : ‘अलीकडे वाचलेले पुस्तक व त्याविषयीचे मत’.

डॉक्टरांनी बिनतक्रार सही केली. बदल्यात सव्वीस पानांचं वचन घेतलं. एजंटसाहेब मात्र अडून बसले. ‘‘मी तुम्हाला वाचक म्हणून ओळखत नाही. खोटी सही म्हणजे जोखीम.’’ शेवटी मापसाहेबांनी त्यांना तो जळका कुकर दाखवला. एजंटसाहेबांनी त्याचा वास घेऊन पाहिला आणि निमूटपणे पेन काढलं. सही करता करता त्यांची नजर टेबलावरच्या लिफाफ्यातून बाहेर आलेल्या पावतीवर गेली.

‘‘ही कुठे मिळाली? ही माझी आहे! अकरा वर्षं शोधतोय मी!’’

‘‘दोनशे सतरामध्ये.’’

‘‘ते कुठलं?’’

‘‘नावाड्याचं.’’

एजंटसाहेब खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, ‘‘पाणी चढतं तिथे मी ही पावती खुणेला घातली होती. दारावर माणूस आला म्हणून. आल्यावर जे सुरू केलं... त्या आठवड्यात मी एकही पॉलिसी विकली नाही, साहेब. विमा काढून माणूस वाचतो, असं वाटेचना.’’

‘‘पण चिठ्ठीवर बावीस वर्षांत नोंद नाही!’’

‘‘कशी असेल? माझ्या कार्डावर दुसरं पुस्तक होतं. मेव्हण्यानं हातात दिलं, दोन दिवसांत संपवलं, पुढच्याला दिलं. सगळे असंच करायचे. नोंद करून पंधरा दिवस कोण थांबणार?’’

मापसाहेबांनी लिफाफा हातात घेतला. केसांचा आकडा. मोजपट्टी. वाळलेलं पान. गोळ्यांचं पाकीट. कचरा म्हणून मोजलेले नग आता त्यांच्याकडे बघत होते. कोणीतरी केस अर्धे बांधून थांबली होती. कोणीतरी आजारपणात शेवटची गोळी घेऊन ते रिकामं पाकीट खुणेला लावलं होतं. जन्मात पहिल्यांदा मापसाहेबांना मोजलेल्या वस्तूची लाज वाटली. आणि त्यांनी दोनशे पुस्तकांवर शिक्का मारला होता.

शनिवारी साडेचारला ते अर्ज घेऊन वाचनालयात हजर झाले. अध्यक्षांनी चारही पानं उलटसुलट पाहिली. ‘‘ठीक. पण पुस्तक कुठंय? पुस्तक टेबलावर आल्याशिवाय तारीख पडत नाही.’’

‘‘रद्दीवाला आणेल की. पाचला येतोयच.’’

पाच वाजले. सव्वापाच वाजले. टेम्पो आला नाही. अध्यक्षांनी फोन केला, कोणी उचलला नाही. ‘‘बावीस वर्षांत हा माणूस एकदाही उशिरा आलेला नाही,’’ ते म्हणाले. मापसाहेबांना कारण ठाऊक होतं. ते उठले आणि दोन गल्ल्या पलीकडच्या गोदामाकडे जवळजवळ पळत गेले.

गोदामात टेम्पो उभा, हमाल चहा पीत बसलेले. मधोमध तो मोठा वजनकाटा, ज्यावर मापसाहेबांचा स्वतःचा शिक्का होता. काट्याच्या फळीवर रद्दीवाला मांडी घालून बसला होता, एक गाल सुजलेला, पुस्तक डोळ्यांपुढे.

‘‘साहेब,’’ तो सुजल्या तोंडानं म्हणाला, ‘‘दोन पानं.’’

मापसाहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, चुकूनही नजर शेवटच्या पानावर पडू नये म्हणून. मागे पान उलटल्याचा आवाज आला. हमालांनी कप खाली ठेवले.

रद्दीवाला म्हणाला, ‘‘साहेब, तो आठवा—’’

‘‘सांगू नका!’’

‘‘नाही सांगत.’’ त्यानं पुस्तक बंद करून दोन्ही हातांनी पुढे केलं. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्यानं लपवलं नाही. ‘‘बत्तीस वर्षं मी पुस्तकं किलोनं घेतोय. या फळीवर किती गेली असतील, मोजदाद नाही. दाढ दुखली नसती तर हेही गेलं असतं. त्यात अशी किती होती हो, साहेब? कोणी उघडून बघितलं होतं का?’’

मापसाहेबांनी काट्याकडे पाहिलं. त्यांच्याच शिक्क्याचा काटा. गेली बत्तीस वर्षं तो बिनचूक वजन दाखवत होता.

‘‘टेम्पो यायचा नाही आज,’’ रद्दीवाला म्हणाला. ‘‘आधी सगळी वाचा, मग बोलवा.’’

वाचनालयात परत आले तेव्हा सहा वाजून गेले होते. ‘‘वेळ टळली,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘नियम म्हणजे नियम. दाखल्यावर सही करा.’’

मापसाहेबांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि शेजारी लिफाफा रिकामा केला. कागदी मोजपट्टी घरंगळत अध्यक्षांपुढे गेली. तिच्यावर त्यांच्याच दुकानाचं नाव होतं. अध्यक्षांनी पुस्तकाचा कोरा पुठ्ठा पाहिला, पहिलं पान उघडलं, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

‘‘हे... हे ते आहे?’’ ते पुटपुटले. ‘‘मला गिऱ्हाइकानं दिलं होतं. हे आपल्याच वाचनालयाचं आहे हे मला...’’ मग खालच्या आवाजात, ‘‘त्या दिवशी मी साडेतीन मीटरच्या जागी साडेपाच कापलं. तेही दोनदा.’’

ग्रंथपालबाई प्रथमच हसल्या. ‘‘कपाट नऊची किल्ली मी अठ्ठावीस वर्षं खिळ्यालाच टांगून ठेवते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कुलूप लावून.’’

मापसाहेबांनी दाखला पुढे ओढला. ‘वाचक नाही’ हे छापील शब्द त्यांनी पट्टीनं सरळ रेघ मारून खोडले. क्रमांक २१७ पुढे, वाचकसंख्येच्या रकान्यात त्यांनी पेन टेकवलं, आणि ते बराच वेळ तसंच राहिलं. मग त्यांनी लिहिलं : ‘मोजता आले नाहीत.’ उरलेल्या तीनशे एकोणचाळीस पुस्तकांपुढे लिहिलं : ‘तपासणी अपुरी. निरीक्षक वाचत आहेत.’ खाली सही केली. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतकी खरी नोंद केली नव्हती, आणि हे त्यांना सही करतानाच कळलं. अध्यक्षांनी खाली स्वतःची सही ठोकली आणि बाईंनी बावीस वर्षांनी चिठ्ठीवर तारीख उमटवली.

घरी गेल्यावर बाईसाहेबांनी त्यांच्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि गॅसवर चढवलेला कुकर मुकाट्यानं उतरवून ठेवला.

सोमवारी सकाळी नऊ वाजता मापसाहेब वाचनालयाच्या दारात होते. दाढी केलेली नव्हती. डोळे तांबारलेले होते, पण त्यांत असं काही होतं की दारातल्या लोकांनी आपसूक वाट दिली. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं. पंधरा दिवसांची मुदत असलेलं पुस्तक ते दीड दिवसात परत करत होते.

‘‘मग?’’ ग्रंथपालबाईंनी विचारलं. ‘‘जुळली मोजणी?’’

मापसाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं आणि नुसती मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे बाईंना कळलं. त्यांनी पुस्तक वाचलेलं होतं.

बाईंनी वही उघडली. या पुस्तकासाठी आता रीतसर नावं नोंदवून रांग लागली होती. डॉक्टर होते, सव्वीस पानांसाठी. एजंटसाहेब होते, कोणालाही सल्ला न देता. अध्यक्ष होते, दुकान उघडायचं सोडून. दवाखान्यातले तीन रुग्ण होते आणि रद्दीवाला होता, पुन्हा पहिल्यापासून वाचायला.

‘‘सात जण आहेत,’’ बाई म्हणाल्या आणि त्यांनी लिहायला पेन उचललं.

मापसाहेब रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

‘‘आठ,’’ ते म्हणाले.